अर्चाच्या झाडापाशी पायउतार

उमसुनला सारी-जार गावात आणली ती खोगिरावर आडवी टाकून. शेण्या वेचायला माळावर गेली होती, तिथूनच कालमत आणि त्याच्या दोन सोबत्यांनी तिला उचलली. वय सतरा. वाटेत तिने कालमतच्या अंगठ्याच्या मुळाशी असा कडकडून चावा घेतला की दात हाडाला लागले. घोड्याची आयाळ रक्ताने चिकट झाली, पण कालमतने हात सोडवून घेतला नाही.

घरी त्याची आजी उंबऱ्यावर आडवी झाली. "जा बाई, मला ओलांडून जा," म्हातारी म्हणाली. "मी काय तुला धरलंय? पण म्हातारीला ओलांडून गेलेल्या पोरीचं भलं झालेलं माझ्या तरी कानावर नाही." उमसुन दिवस कलेपर्यंत दाराशी उभी राहिली. म्हातारी तिथेच झोपून घोरायलाही लागली. शेवटी उमसुननेच कुणाच्या तरी हातातला पांढरा रुमाल हिसकावला आणि डोक्याला बांधला. सून झाली.

त्या संसाराला प्रेमाचा म्हणावं की नाही, ते अल्ला जाणे. कालमतने एकदाच तिच्यावर चाबूक उगारला. तिने उकळत्या कढईतला झारा त्याच्या तोंडासमोर धरला. तो बघत राहिला, मग खाली बसून पोट धरून हसला. त्यानंतर चाबूक घोड्यासाठीच राहिला. तीन मुलं झाली. दोघं थंडीच्या तापात गेली, एकटा कुबात जगला. कालमतच्या अंगठ्यापाशी दातांची ती कमान जन्मभर राहिली. कुणी विचारलं तर तो म्हणे, "बायकोची मोहर आहे. हरवलो तर परत आणून देतील."

त्यांचं घर गल्लीतलं शेवटचं. गल्लीपलीकडे तुतझोर गाव सुरू होई, ताजिकांचं. हद्दीची रेघ सरकारांच्या नकाशांत कुठे होती ते त्यांचं त्यांना ठाऊक. एकाचा नकाशा दुसऱ्याशी जुळत नसे. गल्लीत मात्र पोरासोरांनाही माहीत होतं: उमसुनच्या दारातली धूळ किरगिझ, समोर रोबियाच्या दारातली ताजिक, आणि वरून येणाऱ्या पाटाचं पाणी ज्याची कुदळ जड त्याचं.

पाण्यावरून दर दोन-चार वर्षांनी रक्त सांडे. तसल्याच एका मारामारीत रोबियाचा नवरा राजब पाटाचं तोंड फोडायला वाकला होता आणि उमसुनने त्याच्या मांडीत कुदळ घातली. हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी रोबिया कमरेवर हात ठेवून उमसुनच्या अंगणात उभी.

"लाज नाही वाटत? मारायचं तर डोक्यात मारायचं. आता मेला घरात पाय वर करून बसलाय आणि दिवसभर मला हुकूम सोडतोय."

उमसुन तंदुरातून भाकरी काढत होती. "ठेवून घे मग. फुकट मिळालाय."

"तुझा देतेस का बदली?"

"चावा घेतलेला चालेल का?"

दोघी हसल्या नाहीत, पण रोबिया गरम भाकरी पदरात घेऊनच परत गेली. राजब पुढे कायमचा लंगडा झाला. आणि तरी संध्याकाळी तो आणि कालमत रोबियाच्या उन्हाने तापलेल्या भिंतीला टेकून चहा पीत बसत. राजबला अर्धांगाचा झटका आला, पाय गेले, वाचा गेली, तेव्हापासून कालमत रोज दुपारी गल्ली ओलांडायचा, त्याला पाठुंगळी घ्यायचा आणि भिंतीपाशी उन्हात नेऊन ठेवायचा. एक बोलू शकत नसे, दुसऱ्याला बोलायचं नसे. छान जमे त्यांचं.

त्या साली शरदात पलीकडच्यांनी पाटाचा दरवाजा बंद केला आणि अलीकडच्यांनी त्यांच्या बाजारचा रस्ता अडवला. मग वरच्या टेकाडावर ताजिकांच्या बाजूची नवी चौकी बसली. शिपाई कुठल्याशा सपाट मुलखातली पोरं होती. घोडा त्यांनी चित्रातच पाहिलेला असावा. टेकाडाखाली रस्त्याचं वळण होतं, वळणावर नवसाच्या चिंध्या बांधलेलं जुनं अर्चाचं, सुरूसारखं सदाहरित झाड, आणि तिथून गावापर्यंत सरळ रस्ता. चौकीच्या बंदुका त्या सरळ रस्त्यावर रोखलेल्या.

तशात कालमत गेला. छाती भरून आली आणि पहाटेच्या बांगेआधी संपलाच.

अंगणात काळ्या नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा तंबू उभा राहिला. मयत आत, पडद्याआड. उमसुन काळे कपडे घालून भिंतीकडे तोंड करून बसली आणि नखांनी दोन्ही गाल वरपासून खालपर्यंत ओरबाडून काढले, जसे तिच्या आईने काढले होते, आजीने काढले होते. रक्त हनुवटीवरून मांडीवर ठिबकत होतं. तिच्या शेजारी धाकट्या दिराची बायको सायराकान, चार दिवसांपासून इथेच असलेली. दीर एर्गेश वरच्या वाडीत राहायचा. त्याला निरोप गेला. त्याहून वर, उंच कुरणात, कुबात गावाची मेंढरं घेऊन होता. फोन तिथे लागत नाही. त्याच्याकडे पहाटेच एक स्वार पिटाळला होता. त्याला यायला दुपार कलणार होती.

गावचा मुखिया मामबेत म्हातारा. तो तंबूच्या दाराशी आला आणि खाकरला.

"उमसुन, पोरी, एक बोलायचंय. या खेपेला लोकांना वळणावरून चालत येऊ दे."

"चालत?" तिने मान न वळवता विचारलं.

"वरची पोरं घाबरट आहेत. घाबरट माणसाच्या हातची बंदूक लवकर उडते. आपले लोक झाडापासून घोडे उधळत, बोंबलत येतात. आपल्याला ते रडणं वाटतं. त्यांना काय वाटेल?"

"कालमत जन्मभर घोड्यावर होता, अका. त्याच्या मयताला लोक चालत येणार, बकरी विकायला निघाल्यासारखे?"

"बरं, निदान चौकीवर माणूस पाठवून कळवू का, की मयत आहे म्हणून?"

उमसुनने आता मान वळवली. गालांवरचं रक्त वाळून काळं झालं होतं. "आमच्या माणसासाठी रडायची परवानगी त्यांच्याकडे मागायची? पाणी त्यांच्याकडे मागतो ते पुरे नाही का?"

बाहेर काठ्यांवर रेलून उभ्या असलेल्या पुरुषांत कुजबूज झाली. कुणी म्हणालं, बाई बरोबर बोलतेय. कुणी म्हणालं, मामबेत अका म्हातारे झाले. मामबेतने दाढीवरून हात फिरवला आणि काठी टेकत परत गेला.

एर्गेशच्या वाडीचे स्वार न्याहारीच्या सुमारास आले. वळणावर पोचताच, रीतीप्रमाणे, त्यांनी घोड्यांना टाच मारली. खोगिरावर डावी-उजवीकडे झुकत, चाबूक हवेत फिरवत, "अरे माझ्या भावा, अरे माझ्या डोंगरा" असा टाहो फोडत ते सरळ रस्त्याने सुटले. तंबूत उमसुनला टापा ऐकू आल्या. जमीन हलत होती. तिच्या मनात आलं, आलेत रे, कालमत, बघ कसे आलेत.

मग कापड फाडल्यासारखा आवाज झाला, लांबलचक. रडणं आणि किंचाळणं यात फरक असतो. तो तंबूतल्या बायकांना बाहेरच्या पुरुषांच्या आधी कळला.

एर्गेशचा घोडा एकटाच अंगणात आला. एकटाच म्हणायचं, पण एर्गेश त्याच्याबरोबर होता. पाय रिकिबीत अडकलेला आणि बाकीचा देह रस्त्यावरून फरफटत आणलेला. डोक्याच्या मागचा भाग उरला नव्हता. घोडा तंबूसमोर येऊन थांबला. त्यालाही रीत माहीत होती, मयताच्या घरी थांबायचं. सायराकान बाहेर धावली, नवऱ्याचा पाय रिकिबीतून सोडवू लागली, पण बूट निघेना. शेवटी कुणीतरी पट्टाच कापला.

रस्त्यावर अजून दोघं पडलेली होती. एक हलत होता. त्याला आणायला गेलेल्याच्या पोटात गोळी लागली.

त्यानंतर काय झालं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. ज्याच्या घरात बंदूक होती त्याने बंदूक आणली, ज्याच्या घरात नव्हती त्याने कुदळ आणि डिझेलची बाटली. समोरच्या गावातही तेच. गल्लीच्या खालच्या तोंडाला एक मोटार उलथी करून पेटवली. गच्च्यांवर वाळत घातलेले जर्दाळू धुरात काळे पडले. कुणाचा तरी बैल अंगावर जळतं गवत घेऊन गल्लीभर पळत होता आणि दोन्ही बाजूंचे लोक त्याला वाट देत होते. मामबेत मधोमध उभा राहून हात जोडत होता. एक दगड त्याच्या तोंडावर बसला. त्याने दात हातात थुंकले आणि पुन्हा हात जोडले.

उमसुन एर्गेशच्या डोक्याखाली स्वतःचा रुमाल घालत होती. तेव्हाच तिच्या डोक्यात लख्ख झालं.

कुबात.

त्याला इथलं काही माहीत नव्हतं. तो बाप गेल्याचा निरोप घेऊन कुरणातल्या मेंढपाळांना बरोबर घेऊन निघालेला असणार. गोळ्यांचा आवाज घळीपलीकडे जात नाही. तो वळणावर येणार. अर्चाचं झाड दिसलं की घोड्याला टाच मारणार, कारण तीच रीत, आणि रीत सोडायची नाही असं त्याच्या आईनेच सकाळी ठणकावून सांगितलं होतं.

ती उठली आणि अंगणाबाहेर निघाली. मामबेतने रक्ताळल्या तोंडाने अडवलं. "कुठे? मयत घरात आहे. विधवेने तंबू सोडायचा नसतो, उमसुन."

"विधवा झालेच आहे, अका. निपुत्रिक व्हायचं नाही मला."

रस्त्याने जाणं म्हणजे मरण. दुसरी वाट एकच, रोबियाच्या बागेतून पाटाच्या कडेकडेने वर. तिने गल्ली ओलांडली आणि रोबियाच्या मागच्या फाटकाला खांदा लावला.

आत रोबियाचा मुलगा सत्तोर होता. त्याच्याबरोबर चार-पाच तरुण, हातात कुदळी. सत्तोरला तिने लहानपणी तंदुरापाशी बसवून भाकरी खाऊ घातली होती. एकदा त्याच्या नाकात अडकलेला वाटाणाही काढला होता.

"सत्तोर, मी आहे रे."

"माहीत आहे, खोला," तो म्हणाला. खोला म्हणजे मावशी. आणि त्याने कुदळ उलटी फिरवून बोथट बाजूने तिच्या हातावर मारली. उजव्या हाताचं हाड मनगटाच्या वर वाळक्या काटकीसारखं मोडलं. दुसरा घाव त्याने वर उचलला होता, तेवढ्यात रोबिया घरातून आली, पायातली चप्पल काढली आणि मुलाच्या कानशिलात वाजवली.

"आई, बाजूला हो."

"हिला मारायची तर माझा नंबर पहिला. तीस वर्षं वाट बघतेय मी." मग उमसुनकडे वळून, "काय मरायला आलीस?"

"कुबात येतोय. वरून. त्याला ठाऊक नाही."

रोबियाने तिच्या लोंबणाऱ्या हाताकडे पाहिलं, ओरबाडलेल्या गालांकडे पाहिलं. "मूर्ख बाई," ती म्हणाली. "सकाळी मामबेत तुझ्या दाराशी दाढी कुरवाळत होता ते दिसलं मला इथून. ऐकलं नसशील तू त्याचं. तू कधी कुणाचं ऐकलंयस? चल, पाटातून चल."

सत्तोर काहीतरी ओरडला. त्याच्या सोबत्यांपैकी एकाने दगड मारला, तो रोबियाच्या पाठीत बसला. तिने मागे वळून फक्त एक शिवी दिली.

पाट कोरडा ठाक होता. दरवाजा बंद असल्यामुळे तळाचा चिखलही तडकला होता. माणूस वाकून चालला तर काठाच्या वर दिसत नव्हता. ज्या पाण्यासाठी हे सगळं चाललं होतं ते त्या दिवशी पाटात असतं, तर उमसुनला वर जाताच आलं नसतं. दोघी ओणव्याने चालत राहिल्या. वरून गोळ्या जात, मधमाशा गेल्यासारख्या. उमसुन मोडका हात दातांत धरलेल्या पदरात अडकवून चालत होती.

पाटाच्या दरवाजापाशी रोबिया थांबली. "इथून पुढे मला तुझ्या लोकांची गोळी लागेल की माझ्या, ते मला सांगता येत नाही. मी इथेच बसते."

"राजब?"

"घरात आहे. सत्तोर आहे त्याच्यापाशी. जा."

उमसुन सरपटत वळणावर आली. अर्चाच्या झाडाच्या चिंध्या वाऱ्यात फडफडत होत्या. घळीतून टापांचा आवाज येऊ लागलाच होता. ओरडून काय होणार? बाप गेल्याच्या दुःखात बेभान होऊन येणाऱ्या स्वारांना रस्त्यात ओरडणारी बाई दिसली, तर ते तिच्या रडण्यात रडणं मिळवून आणखी जोरात सुटले असते. हात आडवे करायचे म्हटले तर हात एकच.

तिला एकच गोष्ट सुचली, कारण तिला तेवढीच येत होती. ती रस्त्याच्या मधोमध बसली, खडकाकडे तोंड केलं, जशी तंबूच्या भिंतीकडे करतात, आणि विधवेचा विलाप म्हणायला सुरुवात केली. जिथे विधवेचा विलाप चालू, तिथे मयताचं घर. आणि मयताच्या घरासमोर खोगिरावर बसून राहतो तो माणूस नव्हे, असं त्या डोंगरात दूध पिणारं पोरही शिकतं.

*पहाड माझा खचला गं, पायथा झाला उघडा,*
*लगाम ज्याच्या हाती होता, घोडा त्याचा रिकामा.*
*दातांची मी मोहर केली, हाती ज्याच्या उमटली,*
*तो हात गार झाला गं, मोहर कुणाला दाखवू?*

चौकीवरून तिला पाहिलं असणार. एक गोळी समोरच्या खडकावर आपटली आणि दगडाची कपची तिच्या भुवईत घुसली. डावा डोळा रक्ताने भरला. ती थांबली नाही. उलट आवाज चढवला. दुसरी गोळी झाडात लागली. तिसरी आली नाही. वरच्या त्या सपाट मुलखातल्या पोरांपैकी कुणाला काय वाटलं, देव जाणे. कदाचित त्यांच्या आयाही तशाच बसत असतील.

घळीच्या तोंडातून कुबात पुढे आला. मागे मेंढपाळ. चाबूक वर गेलेला, टाहोसाठी छाती भरून घेतलेली. आणि मग त्याला आपाचा, आईचा, आवाज ऐकू आला, जिथे तो ऐकू यायलाच नको होता. त्याने लगाम खेचला. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला. विचार करायच्या आधीच कुबातचे पाय जमिनीवर होते. मागचे सगळे एकामागोमाग उतरले, कुणी काही न विचारता.

"आपा? घर खाली आहे. तू इथे कशी? बाबा कुठे?"

"घरी आहेत. तू इथेच रड. रड आधी."

"तुझा डोळा..."

"रड म्हटलं ना."

तो गुडघ्यांवर बसला, आईच्या मानेत तोंड घातलं आणि रडला. मेंढपाळ काठ्यांवर वाकून रडले. ते होईपर्यंत तिने त्याचा पट्टा डाव्या मुठीत घट्ट धरून ठेवला होता. मगच एर्गेशचं सांगितलं.

कुबातचं रडणं जागच्या जागी थांबलं. चुलत्यानेच त्याला घोड्यावर बसायला शिकवलं होतं. तो उठू लागला. पट्टा ताणला गेला.

"घोडे इथेच बांधा," उमसुन म्हणाली. "पाटातून चालत खाली जायचं. घरी जायचं. बापाला मूठमाती द्यायची. दुसरं काही नाही. माझ्याकडे बघ. दुसरं काही नाही."

"बरं, आपा."

ते खाली उतरले. पाटाच्या दरवाजापाशी रोबिया नव्हती. उमसुनचे पाय चालेनात. एका म्हाताऱ्या मेंढपाळाने तिला आधार दिला आणि दोघं मागे पडली. ती बागेशी पोचली तोवर जर्दाळूची झाडं चरचरत होती आणि रोबियाच्या घराचं छप्पर आत कोसळत होतं. सत्तोर आणि बाकीचे खालच्या पुलाकडे पळाले होते. गल्लीत सारी-जारची माणसं कुदळी वाजवत होती.

जनाजा घाईघाईने मांडला. मुल्लाने सांगितलं, दिवस बुडायच्या आत दोघा भावांना पुरायचं, उद्याचा भरवसा नाही. मयताला आंघोळ घालणाऱ्यांनी कालमतच्या अंगठ्यावरची दातांची कमान पाहिली, एकमेकांकडे पाहिलं आणि त्या हाताला जरा जास्तच पाणी घातलं, असं पुढे त्यांतल्याच एकाने सांगितलं.

नमाजाआधी कुबात हातपाय धुऊन वजू करायला बसला. उमसुनने डाव्या हाताने तांब्याची झारी उचलली. तोटी खाली झुकवली आणि तशीच थांबली. त्याच्या बोटांवर काजळी होती. नखांत काळं. हाताला डिझेलचा वास येत होता.

"काय जाळलंस?"

कुबातने हात मागे घेतले.

"सत्तोरचं घर?"

"चुलत्याचं डोकं बघितलंस ना तू?"

"मीच रुमाल घातला त्याच्याखाली. राजब कुठे आहे?"

"बाहेर काढला आम्ही त्याला आधी. आम्ही काय जनावरं आहोत?"

"कुठे ठेवलाय?"

"गल्लीत."

"अंगावर काही घातलंय?"

कुबात नखांतलं काळं उकरू लागला. उमसुनने झारी सरळ केली आणि जमिनीवर ठेवली.

"रोबियाने मला पाटातून नेलं," ती म्हणाली. "तिच्या पाठीत दगड बसला माझ्यापायी. नाहीतर आज या तंबूत तीन मयतं असती. जा. राजबला घेऊन ये. तुझा बाप न्यायचा तसा, पाठीवर. मग पाणी."

"आपा, लोक मला फाडतील."

"फाडू देत. या हातांनी माती देणार आहेस तू त्याला?"

"नमाज चुकेल."

"मग चुकेल."

ती त्याच्या तोंडाकडे बघत बसली. एक डोळा मिटलेला, गाल चिरलेले, हात फळीला बांधलेला. कुबात उठला.

राजब गल्लीत भिंतीला टेकवलेला होता. नेमक्या त्याच भिंतीला, जिथे रोज ऊन खायचा. कुणी तरी त्याच्या अंगावर थुंकलं होतं, दाढी पेटवायचा प्रयत्नही केला होता, अर्धी जळलेली होती. त्याने अंगातच लघवी केली होती. कुबातने पाठ वळवली, खाली बसला, म्हाताऱ्याचे निर्जीव पाय कमरेभोवती घेतले आणि उभा राहिला. त्याने दहा पावलं टाकली नसतील, तोच सायराकानचा भाऊ आडवा आला.

"खाली टाक त्याला."

"आपाने सांगितलंय."

"तुझ्या आपानेच माझ्या मेहुण्याला मारलंय. तिच्या हट्टाने. खाली टाक."

कुबात पुढे चालत राहिला. चाबूक बसला तो कपाळापासून कानापर्यंत. कानाची पाळी फाटली. दुसरा फटका राजबच्या पाठीत. म्हातारा शब्दांविना घोगरं ओरडला. तिसऱ्या फटक्याला मामबेतने चाबकाचं टोक पकडलं. त्याच्या तळहाताची कातडी निघाली, पण त्याने सोडलं नाही. बाकीचे बघत होते. कुणी मदतीला आलं नाही, कुणी अडवायलाही आलं नाही.

तंबूत राजबला कालमतच्या तिरडीपाशी टेकवून बसवलं. त्याने चांगला हात लांब केला आणि कफनावर ठेवला, छातीशी. तोंडातून लाळ गळत होती आणि डोळ्यांतून पाणी. तो तसाच बसून राहिला. तिरडी उचलली तेव्हा कुणाला तरी त्याचा हात सोडवावा लागला.

उमसुनने झारी उचलली आणि कुबातच्या हातांवर पाणी धरलं. आधी काळं वाहिलं. मग फाटक्या कानाचं रक्त मिसळून लाल. ती ओतत राहिली. बाहेर लोक रांगेत उभे राहिले होते, मुल्ला खाकरत होता. त्या वर्षी गावात पाणी मोजून वापरत होते. तिने सबंध झारी रिकामी केली, मग म्हणाली, "जा आता."

चार-पाच दिवसांनी मोठ्या साहेबांनी बोलणी केली आणि खालच्या पुलावर माणसांची अदलाबदल झाली. राजबला न्यायला सत्तोर आला. त्याने बापाला उचललं, त्याची छाटलेली दाढी पाहिली, धुतलेले कपडे पाहिले. मग त्याची नजर उमसुनच्या फळी बांधलेल्या हातावर गेली आणि तिथेच अडकली.

"मारायचं तर डोक्यात मारायचं होतंस," उमसुन म्हणाली. "आईने शिकवलं नाही?"

सत्तोर हसला नाही. "आईची पाठ अजून सरळ होत नाही," एवढंच म्हणाला आणि वळला.

रोबियाचं घर पुन्हा बांधलं गेलं नाही. ती खाली, लांब, दुसऱ्या गावात राहते असं कळतं. उमसुनचा हात वाकडाच बसला. तंदुरात भाकरी लावताना ती डाव्या हाताने लावते, दर वेळी कोपर भाजतं, दर वेळी शिवी देते. कुबातच्या कानाला पाळी नाही. सायराकान उमसुनशी बोलत नाही. एर्गेशच्या बरसीला उमसुन दरसाल जाते, दाराशी बसते. बाकीच्या बायकांपुढे चहा येतो, तिच्यापुढे येत नाही. ती दुवा मागते आणि उठते. पुढच्या वर्षी पुन्हा जाते.

चौकी अजून टेकाडावर आहे. सारी-जारमध्ये मयत झालं की वरून येणारे स्वार आता अर्चाच्या झाडापाशी उतरतात आणि घोडे हाताने धरून, रडत, चालत खाली येतात. तसं कुणी ठरवलं नाही. अलीकडे वरच्या वाडीचा एक तरुण उतरायला तयार नव्हता, म्हणाला, ही कसली रीत, आमच्यात मयताला दौडत जातात. त्याच्या बापाने त्याला खोगिरावरून ओढून खाली पाडला.